निकालाआधीचा प्रवेश

दर्यापूरच्या कुठल्याही ज्युनिअर कॉलेजात बारावीच्या पोरापोरींना प्रवेशाचा क्रम तोंडपाठ असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, मग सीईटी किंवा नीट, मे महिन्यात निकाल, त्यानंतर गुणवत्ता यादी आणि कॅपच्या फेऱ्या. शेवटी पावसाळ्यात अमरावती, अकोला, नागपूर किंवा पुण्याचे एखादे कॉलेज. आधी मार्क, मग प्रवेश.

परदेशी विद्यापीठांच्या तारखा पाहिल्या की हा क्रम उलटा झालेला दिसतो. अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित कॉलेजांचे अर्ज १ जानेवारीच्या आसपास बंद होतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची मुदत तर १५ ऑक्टोबरलाच संपते. तोवर आपल्याकडे बारावीचा अभ्यासक्रमही पुरा झालेला नसतो. ज्या परीक्षेवर इथे सगळे टांगलेले असते, ती व्हायच्या आधीच तिकडचे लोक प्रवेश देतात तरी कशाच्या आधारावर?

तयारी अकरावीतच का सुरू करावी लागते, हुशार मुलांचेही अर्ज का फसतात आणि पैशाचा प्रश्न कुठे अडतो, हे सगळे या एका प्रश्नाच्या उत्तरात दडलेले आहे.

अनोळखी माणूस काय वाचतो

आपल्याकडचा प्रवेश एका आकड्यावर ठरतो. आकडा यंत्रात टाकला की यादी निघते. ती कोणी वाचत बसत नाही. अमेरिकेतल्या निवडक कॉलेजांत मात्र अर्ज माणसे वाचतात. त्यांच्यासमोर असते ती नववीपासूनची फाईल: चार वर्षांचे गुण, शिक्षकांची पत्रे, शाळेची माहिती, विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध आणि शाळेबाहेर तो काय करत होता याची नोंद. बारावीचा अंतिम निकाल या फाईलमधला शेवटचा कागद असतो. प्रवेशाचे पत्र साधारण मार्चअखेर येते, १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो आणि आपल्या बोर्डाचा निकाल नंतर पाठवायचा असतो. त्यात गुण फारच घसरलेले दिसले तर दिलेला प्रवेश परत घेण्याचा हक्क कॉलेजकडे असतो.

वऱ्हाडात सोयरीक जुळवताना जे होते, तेच इथे घडते. केवळ पोराचा पगार ऐकून कोणी पोरगी देत नाही. घर कसे आहे, वावर किती, बोलणे-वागणे कसे, गावात चार माणसे काय सांगतात, सगळे पाहिले जाते. फरक एवढाच की सोयरिकीत मधला माणूस दोन्हीकडच्यांना ओळखतो. इथे दर्यापूर कुठे आहे हेही वाचणाऱ्याला ठाऊक नसते. बनोसा, चंद्रभागा नदी, खारपाण पट्टा यांतले काहीच त्याने ऐकलेले नसते. म्हणून माणसाबरोबर त्याचे गावही कागदानेच समजावून द्यावे लागते. दर्यापूरसारख्या ठिकाणचे बहुतेक अर्ज इथेच उणे पडतात. मुलात काही कमी असते असे नाही. त्याचा कागद मुका असतो.

१८८३ सालचा एक अर्ज

निबंधाने काय साधायचे असते, हे समजून घ्यायला आनंदीबाई जोशींचा अर्ज पाहावा. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून नवऱ्याविना बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. शाळेचे रीतसर शिक्षण तुटपुंजे; जे आले ते बहुतेक घरी, नवऱ्याकडून. २८ जून १८८३ रोजी त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिले.

त्या पत्रात त्यांनी आपली उणीव लपवली नाही. कॉलेजच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नाही, हे मान्य केले. मग आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर कशा आलो ते सांगितले आणि येण्याचे कारण दिले: पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून. कॉलेजने त्यांना घेतले. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या.

आजच्या अर्जातला निबंध याच तीन गोष्टी शोधतो: कुठून आलात, वाटेत काय अडले आणि त्यावर तुम्ही काय केले. अमेरिकेच्या ‘कॉमन अॅप्लिकेशन’ या सामाईक अर्जात त्यासाठी जास्तीत जास्त ६५० शब्द मिळतात. आपली मुले इथे हमखास एक गोष्ट करतात. लहानपणापासून विज्ञानाची आवड, देशसेवेची इच्छा, आईवडिलांचे कष्ट, एखाद्या थोर माणसाचे वचन. लिहिलेले सगळे खरे असते, पण ते कोणीही लिहू शकले असते. वाचणाऱ्याच्या हाती त्यातून एकही माणूस लागत नाही.

समजा, एखाद्या मुलीच्या घरची विहीर खारी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी क्षारयुक्त, म्हणून ओलित नाही. पाऊस चुकला की कपाशी आणि तूर दोन्ही चुकतात. पिण्याचे पाणी शहानूर धरणावरून नळाने येते. तिने शाळेच्या प्रयोगशाळेत चार गावांच्या विहिरींचे पाणी तपासून वहीत मांडले असेल, तर ती वही हाच तिचा निबंध आहे. त्यात प्रयोग फसला, मोजमाप चुकले, शेजारच्या काकांनी विहिरीवर येऊ दिले नाही, हेसुद्धा यावे. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत कॉलेज बुडते, धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते, दुकानावर बसावे लागते, याचीही कॉमन अॅपच्या उपक्रमांच्या दहा ओळींत नोंद करता येते. घरची जबाबदारी हा तिथे मान्य असलेला उपक्रम आहे. वक्तृत्वाच्या ढालींपेक्षा तो कधीकधी अधिक बोलतो. आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

शिक्षकांचे पत्र आणि शाळेची ओळख

अर्जातला सर्वांत अवघड कागद विद्यार्थ्याच्या हातातच नसतो. अमेरिकन अर्जात साधारण एक-दोन विषयशिक्षकांची आणि एक ‘काउन्सेलर’ची शिफारस लागते. काउन्सेलर म्हणजे तिकडच्या शाळेतला मार्गदर्शक. त्याचे कामच हे. आपल्याकडे हे पद नाही, तेव्हा ती जागा प्राचार्यांनी किंवा वर्गशिक्षकांनी भरायची असते. पत्र विद्यार्थ्याच्या हाती देत नाहीत. शिक्षकाला ईमेलवर दुवा येतो आणि तो थेट तिथे पत्र चढवतो. हा ईमेल शक्यतो कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावरचा असावा, म्हणजे पत्राच्या खरेपणाबद्दल शंका राहत नाही.

आपले सर-मॅडम प्रेमाने लिहितात, पण लिहितात ते चारित्र्याच्या दाखल्याच्या भाषेत: हुशार, होतकरू, शिस्तप्रिय, पुढील वाटचालीस शुभेच्छा. तिकडे या विशेषणांचे वजन शून्य. त्याऐवजी ‘भौतिकशास्त्राच्या तासाला हा मुलगा उत्तर आले तरी थांबत नाही, दुसरी रीत विचारतो, एकदा त्याने माझ्या फळ्यावरची चूक दाखवली’ असे एक वाक्य पुरते. म्हणून मुलाने सरांकडे जाताना आपण केलेल्या कामांचा एक कागद लिहून न्यावा. त्यात गैर काही नाही. तिकडच्या शाळांतही ही रीत आहे.

शाळेनेही स्वतःबद्दल एक-दोन पाने पाठवायची असतात. त्याला ‘स्कूल प्रोफाइल’ म्हणतात. शाळेत विद्यार्थी किती, बोर्ड कोणते, कोणते विषय शिकवले जातात आणि कोणते नाहीत, गुण कसे दिले जातात, मागच्या वर्गात किती जणांना कितपत गुण पडले, एवढा मजकूर. याच कागदावरून वाचणारा ठरवतो की ८५ टक्के म्हणजे किती. एखाद्या कॉलेजात ८५ टक्के वर्गात पहिले असतील, दुसऱ्या ठिकाणी विसावे. ही पाने नसली तर तो आकडा हवेत लटकतो. ज्या शाळेत संगणकशास्त्र शिकवलेच जात नाही, तिथल्या मुलाकडे ते नाही म्हणून कोणी त्याला मागे टाकत नाही. पण शाळेत तो विषय नाही हे कुठेतरी लिहिलेले हवे.

तीन देश, तीन रीती

‘परदेश’ हा एक देश नव्हे. अमेरिकेची रीत वर सांगितली. तिथे बारा वर्षांचे शालेय शिक्षण पुरते, पदवी चार वर्षांची असते आणि विषय नंतरही बदलता येतो. एसएटी ही १६०० गुणांची परीक्षा काही कॉलेजे मागतात, काहींनी ती ऐच्छिक ठेवली आहे. इंग्रजीसाठी आयईएल्टीएस, टोफेल किंवा घरबसल्या देता येणारी डुओलिंगोची चाचणी चालते.

ब्रिटनमध्ये यूकास नावाच्या एकाच यंत्रणेतून पाच ठिकाणी अर्ज करता येतो. पाचही ठिकाणी एकच निवेदन जाते, ४,००० अक्षरांचे, आणि त्यात विषयाची ओढ दिसावी लागते. बाकी आयुष्याला तिथे फारशी जागा नाही. निकाल आलेला नसतो म्हणून शिक्षकांकडून अपेक्षित गुण मागतात आणि सशर्त प्रवेश देतात: बारावीत इतके टक्के आणा, जागा तुमची. खरी गोम पुढे आहे. तिकडची मुले तेरा वर्षे शिकून विद्यापीठात येतात. आपली बारावी त्यामुळे एक वर्ष कमी धरली जाते. काही विद्यापीठे केंद्रीय बोर्डाचे उत्तम गुण थेट स्वीकारतात, राज्य मंडळाकडून त्याहून जास्त टक्के मागतात किंवा आधी एक वर्षाचा ‘फाउंडेशन’ अभ्यासक्रम करायला लावतात. हे त्या एका वर्षाच्या फीसकट घरच्यांना आधीच माहीत असायला हवे.

जर्मनीचे नाव आता आपल्याकडेही ऐकू येते, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बेर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. नुसत्या भारतीय बारावीवर तिथे सरळ प्रवेश सहसा मिळत नाही. जेईई अॅडव्हान्स्ड पार केली असेल तर तांत्रिक विषयांना, नाहीतर भारतात पदवीचे एक वर्ष पूर्ण करून त्याच विषयाला, अथवा तिथल्या ‘श्टुडिएनकोलेग’ या वर्षभराच्या पूर्वतयारी वर्गातून परीक्षा देऊन. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस हे कागदपत्र-पडताळणीचे प्रमाणपत्र लागते आणि राहण्याखाण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो एका गोठवलेल्या खात्यात आधीच दाखवावे लागतात. शुल्क नाही याचा अर्थ खर्च नाही असा होत नाही.

डॉक्टरकीची वेगळी वाट

आपल्या भागातून बारावीनंतर लगेच परदेशी जाणारे बरेच जण एमबीबीएससाठी जातात: रशिया, कझाकस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स. तिथली रीत वरच्या सगळ्याच्या उलट आहे. निबंध नाही, शिफारस नाही, प्रवेश पटकन होतो. खरी परीक्षा परतल्यावर असते. भारतात व्यवसाय करायचा तर जाण्यापूर्वी नीटची पात्रता हवी. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजीतून, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. त्यानंतर इथली पात्रता परीक्षा, ३०० पैकी १५० गुणांची. या अटींतली एकही सुटली तर सहा वर्षे आणि पैसा अधांतरी राहतो. कॉलेजचे माहितीपत्रक पाहण्याआधी हे नियम वाचावेत, कारण प्रवेश देणारा त्यांची आठवण करून देईलच असे नाही.

वावर गहाण पडत नाही

पापळचे पंजाबराव देशमुख फर्ग्युसन महाविद्यालयानंतर १९२० मध्ये इंग्लंडला गेले. एडिंबरा विद्यापीठाची एम.ए., ऑक्सफर्डची डी.फिल. आणि बॅरिस्टरी घेऊन परतले. पुढे १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. दर्यापूरचे जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालय याच संस्थेचे. वऱ्हाडातल्या एका शेतकऱ्याच्या घराने कर्ज काढून पोराला तिकडे शिकवले, ही गोष्ट इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे, आणि म्हणून ‘वावर आहे, काढू कर्ज’ असे सहज म्हटले जाते.

आज ते तितके सोपे नाही. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात आणि शेतजमीन तारण म्हणून बहुतेकदा घेत नाहीत. कारण कायद्यात आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याने कर्ज बुडाल्यास बँकेला तारण न्यायालयात न जाता ताब्यात घेता येते, पण त्याच कायद्याच्या ३१ व्या कलमाने शेतजमीन त्यातून वगळली आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी ठेवलेली ही तरतूद त्याच्या मुलाच्या कर्जाला आडवी येते. दहा एकरवाल्याला नकार मिळतो आणि शहरात एक फ्लॅट असणाऱ्याला कर्ज मिळते.

म्हणून आर्थिक मदतीची यंत्रणा समजून घेणे भाग आहे. अमेरिकेतली मोजकी विद्यापीठे परदेशी मुलांचीही निवड करताना घरची ऐपत पाहत नाहीत आणि निवड झाली की कमी पडणारी सगळी रक्कम भरून देतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट ही त्यांतली. बाकी बरीच कॉलेजे मदत देतात, पण ती मागणाऱ्याची निवड त्यामुळे अवघड होते. मदतीसाठी घरचे उत्पन्न आणि मालमत्ता सांगणारा वेगळा अर्ज असतो आणि तो पगारदारांच्या हिशेबाने बनवलेला आहे. शेतकऱ्याकडे फॉर्म १६ नसतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून विवरणपत्रही बहुधा नसते. अशा वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि आठ-अ यांचे इंग्रजी भाषांतर जोडावे आणि ‘विशेष परिस्थिती’च्या रकान्यात लिहावे की जमिनीची किंमत लाखांत दिसली तरी ती कोरडवाहू आहे आणि विकल्याशिवाय तिच्यातून फी निघत नाही. हे चार ओळींचे स्पष्टीकरण नसेल तर वाचणारा जमिनीची किंमत शिल्लक पैशासारखी धरू शकतो.

केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, दोन्ही पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएचडीसाठी आहेत. बारावीनंतरच्या पदवीसाठी नाहीत. त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे. पूर्ण मदत मिळत नसेल, तर बारावीनंतर कर्जात उडी घेण्यापेक्षा पदवी इथे करावी आणि मास्टर्सला जावे. तिथे सरकारचा हात आहे, वय थोडे पक्के झालेले असते आणि आपल्याला काय शिकायचे हेही तोवर कळलेले असते.

चौकट: कोणत्या महिन्यात काय

अकरावीचा उन्हाळा: देश आणि विषय ठरवणे, पासपोर्ट, इंग्रजीच्या चाचणीची तयारी.
बारावीचा जून-जुलै: शिक्षकांना विनंती, नववी ते अकरावीच्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती, शाळेची ओळखपाने.
१ ऑगस्ट: कॉमन अॅप सुरू. निबंधाचे कच्चे खर्डे.
१५ ऑक्टोबर: ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि ब्रिटनमधील वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत.
नोव्हेंबर ते जानेवारी: अमेरिकेच्या मुदती, आर्थिक मदतीचे अर्ज सोबतच. ब्रिटनची बाकी मुदत जानेवारीत.
फेब्रुवारी-मार्च: बोर्डाची परीक्षा. या काळात अर्जाचे काम शिल्लक ठेवू नये.
मार्चअखेर ते १ मे: अमेरिकेचे निर्णय आणि होकार.
मे-जुलै: निकाल पाठवणे, व्हिसा.

नाव आणि व्हिसा

एक बारीक गोष्ट इथे मोठी होते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव असते. आधारवर क्रम वेगळा, पासपोर्टवर आणखी वेगळा, आणि स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर निराळे. परदेशी कार्यालयाला ही तीन वेगळी माणसे वाटू शकतात. पासपोर्ट काढण्याआधीच दहावीच्या प्रमाणपत्राशी स्पेलिंग जुळवून घ्यावे आणि पुढे प्रत्येक अर्जात पासपोर्टवरचेच नाव जसेच्या तसे लिहावे.

अमेरिकन व्हिसाच्या मुलाखतीत कायद्याचे गृहीतच असे असते की अर्जदार तिकडे कायमचा राहायला चालला आहे; तसे नाही हे पटवण्याची जबाबदारी अर्जदाराची. मुलाखत काही मिनिटांचीच असते. हाच विषय का, हेच कॉलेज का, पैसे कोण भरणार, पुढे काय, याची उत्तरे पाठ केलेली नसावीत, माहीत असावीत. ब्रिटनच्या व्हिसासाठी लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. शेवटच्या आठवड्यात पाहुण्यांकडून आणून ठेवलेली चालत नाही.

मधला माणूस

शहरांतले बरेच कन्सल्टंट विद्यार्थ्याकडून थोडे पैसे घेतात किंवा घेतच नाहीत, कारण त्यांचे कमिशन विद्यापीठ देते. यात बेकायदा काही नाही. पण ज्या कॉलेजांना विद्यार्थी शोधत फिरावे लागत नाही, ती कमिशन देत नाहीत, आणि पूर्ण मदत देणारी कॉलेजे नेमकी त्यांतलीच. म्हणून त्यांची नावे अशा कार्यालयात सहसा निघत नाहीत. तुम्हाला विद्यापीठाकडून काय मिळते, हा प्रश्न कन्सल्टंटला सरळ विचारावा. प्रामाणिक माणूस उत्तर देतो. निबंध लिहून देतो म्हणणाऱ्याकडून मात्र उठून यावे. तो निबंध त्या मुलाचा राहत नाही आणि खोटे उघडे पडले तर प्रवेश जातो.

पैसे न घेता मार्गदर्शन करणारी ठिकाणे आहेत. ‘एज्युकेशन यूएसए’ ही अमेरिकन सरकारची सल्लासेवा मुंबईतूनही चालते. पदवीनंतर जाऊ पाहणाऱ्यांसाठी यवतमाळातून उभी राहिलेली ‘एकलव्य’ ही संस्था आहे. तिचे संस्थापक राजू केंद्रे बुलढाणा जिल्ह्यातले, चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकलेले. दर्यापूरच्या ज्युनिअर कॉलेजांनाही एक काम आजच करता येईल: आपल्या शाळेची ती दोन पाने इंग्रजीत लिहून कार्यालयात ठेवणे. दरवर्षी फक्त आकडे बदलावे लागतात.